मागच्या खुर्चीला विचारा

गळ्यातली गिटार काढायची, स्टेजवरून उतरायचं आणि सगळं मैदान ओलांडून पार शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसायचं, ही त्याची रीत. कार्यक्रम लग्नाचा असो की गणपतीचा, रीत मोडायची नाही. तिथून तो मला खूण करायचा, लावा. मी काहीतरी लावायचो. आवाज मनासारखा पोचला की त्याचा उजवा हात वर जायचा, तळवा उघडा, बोटं एकमेकांना चिकटलेली. तो हात वर येईपर्यंत माझी सुटका नसायची.

मी साउंडवाला. परभणीत माझं स्पीकर-माईक भाड्यानं द्यायचं दुकान आहे. तुम्ही जिल्ह्यात कुठंही कार्यक्रमाला गेला असाल तर स्टेजच्या बाजूला चेहरा वाकडा करून बसलेला एक माणूस तुम्ही पाहिला असेल. तो मी किंवा माझ्यासारखाच कुणी. कलाकारांचे नखरे बघून बघून आमचा चेहरा असा होतो. कुणाला माईक उष्टा वाटतो, कुणाला स्वतःचाच आवाज कमी वाटतो. त्यात हा आणखी एक, असं मला सुरुवातीला वाटलं. केस पांढरे झाले माझे या धंद्यात, आता तू मला आवाज शिकवणार का, असं मी त्याला तोंडावर विचारलं होतं.

“तुमाला कोण शिकवायलंय, मालक?” तो म्हणाला. “मागच्या खुर्चीला विचारा. पुढं बसलेल्याला समदंच ऐकू येतंय.”

मला मालक म्हणणारा तो एकटाच. बाकी सगळे ‘ओ साउंडवाले’ म्हणतात. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. जिवंतपणी स्टेजवरून एकदा त्याचं नाव इतक्या वेळा पुकारलं गेलं की बास, आणि त्याचा त्याला काय उपयोग झाला ते पुढं येईलच.

आमची ओळख एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात झाली. एक हळुवार फिल्मी गाणं चाललं होतं, नवरा-नवरी खुर्चीत, बायका जेवणाच्या रांगेत. मध्येच माझ्या उजव्या बॉक्समधून असा काही खरखरीत, चिरका आवाज निघाला की मी जागचा उठलोच. स्पीकर फाटला. मी धावत जाऊन वायरी हलवल्या, कान लावला, मागचं झाकण काढायला पाना हातात घेतला. नवरीचा मामा शेजारी येऊन म्हणाला, मशीन बिघडलं का हो? वर पाहतो तर हा दिवटा डोळे मिटून गिटार वाजवतोय आणि आवाज तिच्यातून येतोय. पायाशी एक डबी होती. ती पायानं दाबली की आवाज फाटायचा, पुन्हा दाबली की शहाणा व्हायचा.

आमचा जन्म आवाज फाटू नये म्हणून गेला. पैसे खर्च करून डबी आणायची आणि मुद्दाम आवाज फाडायचा, हे माझ्या बुद्धीत शिरेना. कार्यक्रम आटोपल्यावर मी त्याला चांगला झापला. त्यानं शांतपणे बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाला की याला रॉक म्हणतात. मी म्हटलं, याला भंगार म्हणतात. तो इतका हसला की बशीतला चहा पँटीवर सांडला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

रॉक त्यानं पुण्यात ऐकलं होतं. तिथं डिप्लोमाला होता, वसतिगृहातल्या एका पोरानं त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि झालं याचं वाटोळं, असं तो स्वतःच सांगायचा. कुणाकडून तरी जुनी काळी गिटार घेतली, कोपऱ्यावरचा रंग उडालेली. डिप्लोमा मात्र पुरा झाला नाही. वडलांचा आवाज बसला, बसला तो परत आलाच नाही, आणि याला मानवतला यावं लागलं. वडलांचं कामच आवाजाचं होतं. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, ते कापसाची हर्राशी पुकारायचे.

हर्राशी म्हणजे लिलाव. आमच्याकडं निजाम गेला तरी त्याचे शब्द गेले नाहीत. कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात. पुकारा करणारा गाडीच्या चाकावर पाय देऊन चढतो, कापसात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस वर काढतो, आणि भोवती जमलेल्या व्यापाऱ्यांनी बोललेला भाव मोठ्यानं पुकारत चढवत नेतो. वडलांनंतर ते काम यानं धरलं. मी एकदा सकाळी मुद्दाम बघायला गेलो होतो. हडकुळा माणूस, पण आवाज असा की मोंढ्याच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. भाव चढत चढत शेवटाला आला की त्याचा आवाज फाटायचा, अगदी त्या डबीसारखा. खाली उतरल्यावर मी त्याला म्हटलं, आता कळलं तुझं रॉक कुठून आलं ते. तो लाजला.

मग त्यानंच मला सांगितलं. वडलांनी पहिल्या दिवशी त्याला चाकावर चढवलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. पुढच्या गाडीचा भाव शेवटच्या गाडीवाल्याला ऐकू गेला पाहिजे. त्याला ऐकू गेलं नाही तर मधले लोक त्याला वाटेल तो भाव सांगणार. म्हणून शेवटच्या गाडीवरचा शेतकरी ऐकू आलं की हात वर करतो. तो हात दिसेपर्यंत पुकारा पुढं न्यायचा नाही.

तेव्हा मला मागच्या खुर्चीचा उलगडा झाला, आणि मी त्यावर कुरकुर करणं सोडून दिलं. थोडीफार केली असेल, सवय होती.

पुढं तो माझ्या टेम्पोतूनच कार्यक्रमांना यायला लागला. कलाकार असून बॉक्स उचलायला हात लावायचा. एकदा जिंतूरकडं जाताना देवगाव फाट्याला आमचा टायर बसला. पंक्चरवाला जेवायला गेलेला. आम्ही फाट्यावर चहावर चहा ढोसत बसलो होतो. शेजारी एक म्हातारा गाठोडं घेऊन एस.टी.ची वाट बघत होता, आणि चहावाला त्याला दर वेळी सांगत होता, यायलीय गाडी, यायलीय. यानं टेम्पोतून गिटार काढली आणि मांडीवर घेऊन तोंडातल्या तोंडात सुरू केलं:

“फाट्यावर थांबलोय मी, गाडी यायलीय,
यायलीय, यायलीय, येईनाच.”

म्हातारा आधी रागानं बघत होता, मग तोही मान हलवायला लागला. असं ते गाणं झालं. अशी त्याची मोजकीच गाणी होती, स्वतःची, आपल्याच बोलीतली. लग्नात ती कोण वाजवू देणार? लग्नात तो लोक मागतील ते वाजवायचा आणि मधूनच एखादा फाटका तुकडा घालायचा. त्यावरच समाधान.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आहे. मानवतला गल्लीत दोन खोल्या, भाड्याच्या. भिंतीला भिंत लागलेली घरं, वर घरमालक. वहिनी ब्लाउज शिवायच्या. मशीन दिवसभर खडखडत असायचं. अशा घरात स्पीकर कुठं ठेवणार? आणि ही गिटार विजेची. तिला स्पीकर लावला नाही तर तिचा आवाज म्हणजे कपडे वाळत घालायच्या तारेवर टिचकी मारल्यासारखा. टिकटिक, टिकटिक. शेजारच्या खोलीतही जात नाही.

त्यानं त्यावर तोड काढली होती. लोखंडी कपाटाला पाठ लावून बसायचा आणि गिटारीचं डोकं कपाटाच्या पत्र्याला घट्ट टेकवायचा. तार छेडली की कपाट गुणगुणायचं. आणि वहिनी मशीन थांबवून यायच्या, पदर सावरून कपाटाच्या दुसऱ्या बाजूला कान लावून उभ्या राहायच्या. मी दारात होतो, माझ्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. नवरा कपाटाच्या या अंगाला, बायको त्या अंगाला. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, बरं हाय, आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या.

जाताना त्यानं मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. म्हणाला, लग्न झाल्यापासून ही माझं वाजवणं कपाटातून ऐकायलीय. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला मी हिला आणत न्हाई, ते माझं नव्हंच. माझी म्हणून जी गाणी हायत ती हिला एकदा मोठ्यावर ऐकवायचीत.

“एकदाच, मालक. मग गिटार इकून टाक म्हणलात तरी चालंल.”

मोठ्यावर म्हणजे माझ्या मोठ्या बॉक्सवर. मी म्हटलं, त्यात काय एवढं, उद्या टेम्पो घेऊन येतो. त्याला ते नको होतं. त्याला लोक हवे होते, खुर्च्या हव्या होत्या. बायकोनं एकटीनं ऐकणं आणि भरल्या मैदानात ऐकणं यात फरक आहे म्हणे. मला तेव्हा हा नखरा वाटला. आता वाटत नाही.

योग आला तो परभणीच्या एका मंडळाच्या महोत्सवाचा. साउंड माझं होतं. मुंबईहून नामांकित ऑर्केस्ट्रा येणार होता, तो आठ वाजता. त्याआधी उद्घाटन आणि मग एक तास मोकळा. मी अध्यक्षांच्या कानावर याचं नाव घातलं. त्यांनी लगेच टेबलावर हात मारला. आपला माणूस. परभणी जिल्ह्याचं भूषण. सात ते आठ त्याला देऊन टाका. मला इतका आनंद झाला की मी मानवतला फोन न करता स्वतः सांगायला गेलो. तो चाकावर उभा होता. ऐकलं आणि पुढचे दोन पुकारे चुकला.

त्यानं महिनाभर तयारी केली. ढोल वाजवणारा मोबाईलच्या दुकानात कामाला होता, जाड तारांची गिटार वाजवणारे एक मास्तर होते. तिघं माझ्या गोदामात जमायचे. वहिनींना मुद्दाम यायला मना केलं होतं. त्यांनी हातातले ब्लाउज देऊन संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं आणि शेवटच्या खुर्चीवर बसायचं, असं ठरलं होतं. पुढं बसू नको, असं तो चार वेळा बजावायचा. मागं बस, तिथं सगळं नीट ऐकू येतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही आवाजाची तपासणी केली. ऊन रणरणत होतं. मंडपवाले खुर्च्या मांडत होते, कुणी झालर ठोकत होतं. तो म्हणाला, आज सगळीच गाणी पुरी वाजवून बघतो, आणि वाजवली. एकापाठोपाठ एक. मंडपवाल्यांतला एक हातोडा खाली ठेवून ऐकत उभा राहिला होता, एवढं मला आठवतं. मी खाली मान घालून बटणांशी झगडत होतो. जनरेटरची घरघर डाव्या बॉक्समधून येत होती, ती काही केल्या जाईना. शेवटचं गाणं संपलं तेव्हा ती गेली. मी वर बघितलं तर तो शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला होता. हात वर होता.

संध्याकाळी मैदान भरलं. सातच्या सुमाराला मला वहिनी दिसल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, शेवटच्या रांगेत अगदी टोकाच्या खुर्चीवर. एका स्वयंसेवकानं त्यांना पुढं चला म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. उद्घाटन आटोपलं. तिघं स्टेजवर आले. यानं गिटार गळ्यात घातली, डबीवर पाय ठेवला. आणि अध्यक्ष माईकपाशी आले.

आता आपल्याकडचे सत्कार तुम्हाला मी काय सांगावे. आपण कुणावर प्रेम केलं की पहिली शाल आणतो. अध्यक्ष म्हणाले, आपल्या मातीतल्या या कलावंताचा आधी यथोचित सन्मान करू, आणि मग त्याची कला बघू. टाळ्या. शाल घालायची म्हणून गिटार गळ्यातून काढावी लागली. नारळ दिला. मग त्याच्या शाळेची मंडळी पुढं आली. मग व्यापारी असोसिएशन. मग त्याच्या आजोळच्या गावचे लोक, त्यांनी शाल आणलीच होती, ती कशी परत नेणार? प्रत्येक जण दोन शब्द बोलायचा म्हणून माईक धरायचा आणि बालपणापासून सुरू करायचा. फोटोवाला प्रत्येकाला थांबवून इकडं बघा म्हणायचा. त्याला गिटार उचलायलाच मिळेना. ती मागं स्टँडवर उभी, चालू, तिच्यातून बारीक गूं असा आवाज येत होता.

मी आतल्या आत उकळत होतो. भाषणाच्या माईकचा खटका माझ्या बोटाखाली होता. तो खाली ओढला की माणूस गप. आम्ही साउंडवाले हे करत नाही असं नाही, बिघाड झाला म्हणून हात वर करतो. आठाला थोडा वेळ होता, एक गाणं नक्की बसलं असतं. मी स्टेजकडं बघून त्याला खूण केली, करू का बंद? तेवढ्यात मोंढ्यातले हमाल स्टेजवर चढले. सगळे धुतलेले सदरे घालून आले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं फेटा आणला होता, बांधलेला नव्हे, नुसता कपडा, तिथंच बांधायला. आमच्या गिटारवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि सावकाश मान हलवली. नको. आणि म्हाताऱ्याला हात पोचावा म्हणून खाली वाकला.

फेटा बांधायला वेळ लागतो. म्हाताऱ्याच्या हातून एकदा सुटला, पुन्हा बांधला. लोक टाळ्या वाजवत होते, मनापासून. मी खोटं बोलणार नाही, फेटा त्याला शोभला. तो बांधून झाला तेव्हा मुंबईवाल्यांची माणसं ढोल हलवायला स्टेजवर आली होती. निवेदक म्हणाला, वेळेअभावी आपण यांची कला पुढच्या वर्षी नक्की अनुभवू. अजून एकदा टाळ्या झाल्या.

तो स्टेजवरून उतरला. खांद्यावर चार-पाच शाली, डोक्यावर फेटा, हातात नारळांची पिशवी आणि गिटार. मैदानाच्या कडेकडेनं चालत मागं गेला. मी बटणं दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्या मागं गेलो, शिव्या घालायला. कुणाला घालायच्या ते ठरलं नव्हतं. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरच्या शाली काढून घड्या घालून घेतल्या.

“लय मान झाला तुमचा,” त्या म्हणाल्या.

“हां,” तो म्हणाला.

मला बघून त्यानं एक शाल माझ्या अंगावर टाकली, तुम्हीही राबलाव म्हणाला. ती शाल अजून माझ्याकडं आहे. मिक्सरवर धूळ बसू नये म्हणून मी ती पांघरतो. नंतर दोघं मानवतच्या एस.टी.साठी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून मनात साठलेलं सगळं ओकलो. अध्यक्षापासून फोटोवाल्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला,

“कामून चिडायलाव, मालक? प्रेमानं केलं त्यांनी. माणूस बोलायला उभा राहिला की त्याचा पुकारा मधी तोडता येत न्हाई.”

मी म्हटलं, आणि तुझा पुकारा? तो म्हणाला, पुढच्या टायमाला. मागच्या खुर्चीचं बुकिंग करून ठेवा.

पुढचा टाइम आला नाही. याचंही कारण ऐकण्यासारखं आहे. एकदा भर मैदानात सत्कार झालेला माणूस, त्याला वाजवायला कोण बोलावणार? आता तो मोठा झाला होता. लोक त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायला लागले. शाळांची स्नेहसंमेलनं, रांगोळी स्पर्धा, एकदा तर कुस्त्या. स्टेजवर पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार, हातानं बक्षीसवाटप. तो एकदा मला म्हणाला की पुढच्या खुर्चीवर बसून बसून कान बिघडले. हसला, पण नेहमीसारखा नाही. ऑर्केस्ट्रावालेही बोलवेनात. एवढ्या मोठ्या माणसाला लग्नात कसं सांगायचं, म्हणायचे. ढोलवाला पुण्याला नोकरीला गेला. मी तरी किती जणांना विचारावं? जो तो म्हणायचा, त्यांचा सत्कार ठेवू की.

मी म्हणायचो, आपण माझ्या गोदामापुढंच लावू, खुर्च्या मी आणतो. तो म्हणायचा, बघू, सुगी होऊ द्या. एक सुगी गेली. दुसरी आली.

त्या साली दिवाळीनंतर मोंढ्यात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तो सकाळी चाकावर चढला, कापसात हात घातला आणि म्हणाला, जरा थांबा. एवढंच. हमालांनी त्याला झेलला. परभणीला आणेपर्यंत तो गेलेला होता. मी तेव्हा एका लग्नाच्या मांडवात बॉक्स उतरवत होतो. फोन घेतला आणि तसाच बॉक्सवर बसलो. आत ऑर्केस्ट्रावाले हॅलो हॅलो करत होते.

शोकसभेला साउंड माझंच. मोंढ्यात, पत्र्याखाली. थोर गिटारवादक गेला, असं एकेक जण सांगत होता. मी त्यांच्याकडं बघत बसलो होतो. त्यातल्या कुणी त्याचं एक गाणं ऐकलेलं नव्हतं.

काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. गिटार घेऊन जा, तुमच्या कामाला येईल, पडून गंजायलीय. मी सेलूहून परतताना टेम्पो वाकडा करून मानवतला गेलो. भर दुपार. मशीन खडखडत होतं. गिटार कपाटावर होती, वहिनींनी ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांची खोळ शिवून तिला घातली होती. मी चहा प्यायलो, खोळ हातात घेतली आणि उठलो. तेव्हा त्यांनी विचारलं.

“भाऊजी, त्या दिवशी दुपारी त्यांनी समदी गाणी वाजवली म्हणं. तुमी हुता. कसं हुतं वो?”

मी खोळ खाली ठेवली आणि आठवून बघितलं. आठवत होती ती डाव्या बॉक्सची घरघर. कोणत्या बटणानं गेली तेसुद्धा आठवत होतं. फाट्याच्या गाण्याच्या दोन ओळी आठवत होत्या, पुढचं काही नाही. मी म्हटलं, वहिनी, मोठं होतं. फार मोठं होतं. त्या मान खाली घालून दोरा तोडत होत्या. गाणी तर मला समदी पाठ हायत, त्या म्हणाल्या, कपाटातून ऐकली की. मोठं कसं असतंय तेवढंच न्हाई कळलं.

मी बाहेर जाऊन टेम्पोतला मोठा बॉक्स उतरवला. गल्लीच्या तोंडाशी ठेवला, वहिनींच्या खिडकीतून वायर घेतली. घरमालक वरून डोकावले, तर वहिनी म्हणाल्या, काका, एकडाव करू द्या. ते कठड्यावर हात टेकून तसेच उभे राहिले. मी खोळीतून गिटार आणि तिची डबी काढली, गिटार गळ्यात घातली. मला वाजवता येत नाही. तारा उतरलेल्या, दोन तर गंजून काळ्या पडलेल्या. मी म्हटलं, वहिनी, नुसता आवाज येईल हो, गाणं नाही यायचं. त्या म्हणाल्या, तुमी मारा.

त्यांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गल्लीतून चालायला लागल्या. पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबापाशी खुर्ची ठेवली, पदर सावरला आणि बसल्या. मी डबीवर पाय ठेवला आणि सगळ्या तारांवरून अंगठा ओढला.

बेसूर होता. पण मोठा होता. दारं उघडली, पत्रे थरथरले, कुत्रं उठून पळालं. तो फाटका, खरखरीत आवाज गल्ली भरून तिकडं गेला आणि कडुनिंबाखाली वहिनींचा हात वर आला. तळवा उघडा, बोटं एकमेकांना चिकटलेली. त्यांचे ओठ हलत होते. फाट्याचं गाणं म्हणत होत्या की दुसरं कोणतं, मला कळायला मार्ग नव्हता, एवढ्या आवाजात तिकडचं इकडं काहीच येत नव्हतं. आवाज विरत आला की त्यांचा हात खाली यायला लागायचा. मग मी पुन्हा अंगठा ओढायचो, आणि हात पुन्हा वर जायचा.